जसा छापला तसा प्रश्न

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं अर्धं आयुष्य एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं. तळमजल्यावर औषधांच्या गोदामाला लागून एक बिनखिडकीची खोली होती. तिथं त्या कानाला यंत्र लावून बसायच्या आणि बाहेरून आलेला फोन योग्य त्या माणसाला जोडून द्यायच्या. ऐकायला सोपं वाटतं. पण इस्पितळात फोन करणारा माणूस धड काही सांगायच्या अवस्थेत नसतो. "आमचे ते आलेत ना तिकडं, त्यांचं कसं आहे?" एवढंच एखादी बाई विचारते. ते म्हणजे कोण, कधी आले, कशानं आले, काही नाही. जाऊबाई न चिडता विचारायच्या, "छातीत दुखत होतं का? की पाय घसरून पडले?" असं तिच्या कलानं घेत घेत त्या बरोबर त्या वॉर्डापर्यंत पोचायच्या. डॉक्टरसुद्धा त्यांना नावानं ओळखत नसत, 'एक्स्चेंजबाई' म्हणून ओळखत.

घरातही तेच. आमच्या सासूबाईंना कमी ऐकू येतं, आणि जे येतं ते भलतंच येतं. आम्ही बाकीचे तेच वाक्य दुप्पट आवाजात ओरडतो. जाऊबाई आवाज चढवत नाहीत, शब्द बदलतात. 'डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय' हे तीनदा ओरडूनही सासूबाईंच्या डोक्यात शिरलं नाही, तेव्हा जाऊबाई शेजारी बसून म्हणाल्या, "मीठ बंद." लगेच कळलं, आणि लगेच भांडणही सुरू झालं. समोरच्याला कळलं नाही तर ती सांगणाऱ्याची चूक, असं त्यांचं पक्कं मत. हा त्यांचा गुण म्हणा नाहीतर खोड म्हणा, पुढचं सगळं त्यातूनच झालं.

इस्पितळात एक दिवस नवीन यंत्र आलं. 'चौकशीसाठी एक दाबा, तपासणीसाठी दोन दाबा.' जाऊबाईंना पुष्पगुच्छ देऊन घरी पाठवलं. घरी बसल्या आणि आमचं जगणं मुश्कील झालं. कपाटं महिन्यात दोनदा लावून झाली. गॅसवाला, वीजवाला, चुकून लागलेला नंबर, सगळ्यांशी त्या इतकं बोलायच्या की मोठे दीर म्हणायचे, "फोनचं बिल भरायला मला दुसरं दुकान टाकावं लागेल." दीर चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायला बसतात. त्यांच्याच एका गिऱ्हाइकानं सांगितलं की एका सर्वेक्षण संस्थेला फोनवर प्रश्न विचारायला माणसं हवी आहेत. दीर त्या संध्याकाळी उड्या मारतच घरी आले.

संस्थेचं कार्यालय फर्निचरच्या एका दुकानावर होतं. एक लांबच लांब हॉल, त्यात राखाडी कापड चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या भिंती, आणि दर दोन भिंतींमध्ये एक माणूस, एक पडदा आणि एक हेडफोन. हेडफोनचे स्पंज झिजलेले, म्हणून जाऊबाई घरून सुती रुमालाचे तुकडे शिवून न्यायच्या. प्रत्येकाच्या समोर एक पट्टी चिकटवलेली: 'प्रश्न जसा छापला आहे तसाच वाचावा. स्पष्टीकरण देऊ नये.' हॉलच्या टोकाला काचेच्या खोलीत पर्यवेक्षक बसायचा. तिशीतला, मऊ बोलणारा. तो हवं तेव्हा कुणाच्याही फोनवर कान लावू शकत असे. तो आला की फोनमध्ये बारीक खरखर व्हायची, एवढीच खूण.

पहिले काही महिने शाम्पू, बँकेची सेवा, टीव्हीवरचे कार्यक्रम असले प्रश्न होते. त्यात समजायला काही अवघड नव्हतं. मग ती मोठी पाहणी आली.

तिच्या प्रशिक्षणाहून जाऊबाई आल्या त्या चपला न काढताच स्वयंपाकघरात शिरल्या. मी शेंगा सोलत होते. म्हणाल्या, "अगं, या वेळचं काम खरं आहे. सरकारचं आहे. कितीतरी देशांत हेच प्रश्न विचारतात. कुठल्या देशाचे उद्योग पाणी, हवा, कचरा यांचा विचार करून काय नवं करतात, आणि असलं काम किती लोकांना येतं, हे मोजायचं. मग सगळ्या देशांचा क्रम लावतात. त्यावरून ठरतं पुढं कुठं शाळा काढायच्या, कुणाला मदत द्यायची."

"आणि हे सगळं तुम्ही फोनवर विचारणार?"

"मग? मी नाही विचारणार तर कोण!"

मुख्य प्रश्न त्यांनी मला वाचून दाखवला. मला तो अजून पाठ आहे, कारण पुढं महिनोन्‌महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. 'गेल्या तीन वर्षांच्या कालावधीत आपल्या आस्थापनेने पर्यावरणीय लाभ देणारे नवीन अथवा लक्षणीयरीत्या सुधारित असे एखादे उत्पादन, प्रक्रिया वा कार्यपद्धती अंगीकारली आहे काय?' आणि त्याच्यामागून दुसरा: 'आपल्या आस्थापनेतील किती कर्मचाऱ्यांकडे हरित कौशल्ये आहेत?'

मी म्हटलं, "जाऊबाई, मला यातलं 'गेल्या तीन वर्षांच्या' एवढंच कळलं."

त्या हसल्या. तेव्हा हसल्या.

कामाला लागल्यावर दोन-तीन दिवसांतच त्यांचं हसू गेलं. एका हॉटेलच्या व्यवस्थापकानं हरित कौशल्यांचा प्रश्न ऐकला, विचार केला आणि म्हणाला, "आमच्याकडे माळी आहेत तीन." झालं. पडद्यावर तीन भरायचे. त्याच हॉटेलात बॉयलर चालवणारा, गरम पाण्याचे नळ दुरुस्त करणारा, उरलेल्या अन्नाचं काय करायचं ते बघणारा कुणीतरी असेलच, पण त्याबद्दल विचारायची परवानगी नाही. एका रंगाच्या कारखान्यातल्या साहेबांनी प्रश्न पुरा होण्याआधीच "हो, हो, पुढे" असं म्हणत सगळ्याला होकार दिला. हरित कौशल्यं किती जणांकडे? "सगळ्यांकडे. आम्ही सगळ्यांना एक व्हिडिओ दाखवलाय." शेकडो माणसं! जाऊबाईंनी ओठ आवळून आकडा भरला. मोठ्या कंपन्यांना हे शब्द ठाऊक असतात, त्यांच्याकडे असल्या प्रश्नांना उत्तरं द्यायलाच माणूस ठेवलेला असतो. लहान धंदेवाल्यांना मात्र 'आस्थापना' या शब्दाचीच ठेच लागायची.

आणि मग तो लाँड्रीवाला. त्याचा फोन जाऊबाईंनी मला इतक्यांदा सांगितला की मीच तो केला होता असं वाटतं.

"आस्थापना म्हणजे काय हो बाई?"

"प्रश्न पुन्हा वाचते," जाऊबाई म्हणाल्या आणि वाचला.

"नाही बाई, आमची साधी लाँड्री आहे. आमच्याकडे असलं काही नसतं. आमचं आपलं पाण्याचंच रडगाणं. मागं पाणी एवढं कमी यायला लागलं की मी मागच्या बाजूला एक टाकी बसवली. शेवटच्या खळबळण्याचं पाणी तसं स्वच्छच असतं. ते टाकीत घेतो आणि पुढच्या कपड्यांच्या पहिल्या धुण्याला वापरतो. निम्म्या पाण्यात भागतं. पण तुम्ही विचारताय तसलं काही नाही केलं."

जाऊबाईंच्या तोंडून निघून गेलं, "अहो, हे तर फारच छान केलंत!" लगेच खरखर झाली. त्यांनी जीभ चावली आणि विचारलं, "तर उत्तर 'हो' की 'नाही'?"

"नाही."

पडद्यावर 'नाही'. रंगवाल्यांचा व्हिडिओ 'हो', आणि निम्मं पाणी वाचवणारा 'नाही'.

त्या तशाच पर्यवेक्षकाच्या खोलीत गेल्या. म्हणाल्या, "त्याला प्रश्न कळलेला नाही."

तो म्हणाला, "मॅडम, मलाही माहीत आहे. पण आपण समजावायचं नाही. तसा नियम आहे."

"का पण?"

"वरून आलाय."

वरून आलेल्या गोष्टीशी भांडता येत नाही, खाली कुणाशी तरी भांडावं लागतं. पुढचे कितीतरी दिवस त्या आमच्याशी भांडल्या. भाजी खारट झाली की 'नाही' लिहायचं, दीर उशिरा आले की 'लक्षणीयरीत्या सुधारणा नाही'. दीर एकदा वैतागून म्हणाले, "अगं, तुला प्रश्न वाचायला ठेवलंय, देश सुधारायला नाही." ते वाक्य त्यांना फार लागलं. दोन दिवस त्यांनी दिरांशी अबोला धरला.

अबोला संपला आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. फोनमध्ये खरखर नसली की त्या छापलेला प्रश्न एकदा वाचायच्या, आणि समोरचा अडखळला की सरळ म्हणायच्या, "म्हणजे असं बघा, पाणी, वीज, इंधन किंवा कचरा कमी व्हावा म्हणून कामाची पद्धत काही बदललीत का?"

जणू पाटाचं दार उघडलं. शीतगृहाच्या मालकानं दाराला प्लास्टिकचे जाड पडदे लावले होते, गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून. बिस्किटांच्या भट्टीवाल्या बाईनं भट्टीच्या धुरांड्याभोवती पाण्याची टाकी बसवून घेतली होती, भांडी घासायला फुकट गरम पाणी. शिवणकामाच्या कारखान्यात चिंध्यांचं भरण घालून उशा करायला लागले होते. रोज जेवताना जाऊबाई हे सगळं सांगायच्या. माझ्या धाकट्या मुलीनं तर आमच्या पाणी तापवायच्या बंबाभोवती जुनं ब्लँकेट गुंडाळलं. "देशाला पत्ताच नाही अगं, माणसं काय काय करतात," जाऊबाई म्हणायच्या. आणि मग, जरा थांबून, "आता लागेल."

पत्ता लागला, पण त्यांचा.

एका सकाळी त्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. पर्यवेक्षक उभा होता आणि त्याच्या खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या. मुख्य कार्यालयातून आल्या होत्या, आलेली सगळी उत्तरं तपासायचं काम त्यांचं. जाऊबाई त्यांना 'आकडेवाल्या बाई' म्हणतात. आमच्यापेक्षा लहान, सर्दीनं नाक लाल, हातात गरम पाण्याचा पेला. त्यांनी पडदा वळवून दाखवला. हॉलमधल्या प्रत्येकाला किती 'हो' मिळाले त्याच्या उभ्या पट्ट्या. सगळ्या साधारण सारख्या, बैठ्या चाळीसारख्या. मधेच जाऊबाईंची पट्टी चार मजली इमारतीसारखी उभी.

"तुम्ही प्रश्न समजावता का?" आकडेवाल्या बाईंनी विचारलं.

खोटं बोलणं जाऊबाईंना जमत नाही. "समजावते. न समजता दिलेलं उत्तर घेऊन तुम्ही काय करणार?"

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एक रेकॉर्डिंग लावलं. कुणी छापखानावाला होता.

"नाही हो बाई, तसलं काही नाही."

"नीट आठवा ना. कागद वाया जाऊ नये म्हणून काही केलं असेल."

"कागद तर कुणीच वाया घालवत नाही."

"बघा! म्हणजे करताच ना काहीतरी?"

"आता तसं म्हटलं तर…"

"मग 'हो' लिहू?"

"लिहा. तुम्ही म्हणताय तर लिहा. मला गिऱ्हाईक आहे."

त्या दिवशी घरी येऊन जाऊबाई मला म्हणाल्या, "अगं, आवाज माझाच, पण मला त्या माणसाची दया आली. मी त्याला कोपऱ्यात गाठलं होतं. आणि मला वाटत होतं की मी त्याला मदत करतेय."

पण तिथं, त्या खोलीत, त्या एवढ्यावर गप्प बसल्या नाहीत. म्हणाल्या, "हा एक चुकला, मान्य. पण लाँड्रीवाला? शीतगृहवाला? ते तर खरे आहेत. छापलेल्या प्रश्नानं ते सगळे 'नाही' होतात."

"होतात," आकडेवाल्या बाई म्हणाल्या. "पण मागच्या वेळी हाच प्रश्न असाच विचारला होता. दुसऱ्या देशांतही असाच विचारतात. तुम्ही एकट्यांनी मोजायची पट्टी बदललीत तर तुमचं कापड कुणाच्याच कापडाशी जुळत नाही."

"आणि पट्टीच चुकीची असेल तर?"

"चुकीची असली तरी सगळीकडे सारखी चुकीची हवी. मग निदान कोण वाढलं, कोण घटलं हे कळतं." त्यांनी नाक पुसलं. "मला हे बोलताना आनंद होत नाही, पण तुमच्या मुलाखती मला रद्द कराव्या लागतील. सगळ्या."

जाऊबाई म्हणाल्या, "सगळ्या?"

"कुठली खरी आणि कुठली छापखान्यासारखी, हे मला कसं ओळखता येणार?"

बाईंचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला. समोरचा मूर्ख असता तर बरं झालं असतं, असं त्या अजून म्हणतात.

एवढ्यावर सुटका झाली असती तरी चाललं असतं. पण मुदत जवळ आली होती, माणसं कमी होती, आणि रद्द केलेल्या मुलाखती पुन्हा घ्यायच्या होत्या. त्यातल्या बऱ्याचशा जाऊबाईंच्याच वाट्याला आल्या. पर्यवेक्षक सतत कानात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. शीतगृहवाला 'नाही' झाला. भट्टीवाली 'नाही' झाली. उशांचा कारखाना 'नाही'. छापखानाही 'नाही' झाला, तो एकटाच बरोबर.

लाँड्रीवाल्याची पाळी आली. त्याचं पहिलं उत्तर तसं 'नाही'च होतं, पण रद्द म्हणजे सगळंच रद्द. त्यानं आवाज ओळखला.

"अहो बाई, मागं सांगितलं की मी. टाकीचं. तुम्ही 'फारच छान' म्हणाला होतात."

खरखर चालूच होती. जाऊबाई म्हणाल्या, "प्रश्न पुन्हा वाचते."

"म्हणजे काही चुकलं का?"

"प्रश्न पुन्हा वाचते."

"बाई, सरळ सांगा ना, हे पाणीखात्याचं आहे का? टाकी बसवायला परवानगी लागते का? मला कुणी काही बोललं नव्हतं."

जाऊबाईंनी डोळे मिटले आणि प्रश्न वाचला. आस्थापना, लक्षणीयरीत्या, अंगीकारली, सगळा. मग तो मघापेक्षा वेगळ्याच आवाजात म्हणाला, "नाही. लिहून घ्या. आमच्याकडे टाकी नाही. तसलं काहीच नाही," आणि त्यानं फोन ठेवला.

जाऊबाईंनी हेडफोन काढला, पाण्याच्या यंत्रापाशी गेल्या आणि पेला न भरताच उभ्या राहिल्या. पर्यवेक्षक काचेच्या खोलीतून आला. "मॅडम, ऐकलं मी. वाईट वाटलं."

"वाटून काय उपयोग? तुझ्या कानांनी ऐकलंस ना टाकी आहे म्हणून? मग लिही तू, खरं काय ते."

तो परत काचेच्या खोलीत गेला. मुलगा वाईट नव्हता. त्याच्याही डोक्यावर कुणीतरी कान लावून बसलेलं असणारच.

सुटीच्या दिवशी जाऊबाई मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर." कुठं ते बसमध्ये बसल्यावर सांगितलं. ज्याला फोन केला त्याला जाऊन भेटायचं नाही, हाही एक नियम होता. मी म्हटलं, "जाऊबाई, नोकरी जाईल." त्या म्हणाल्या, "जाऊ दे. तो माणूस घाबरलाय, आणि मी घाबरवलाय."

लाँड्री एका अरुंद रस्त्यावर होती. पुढं फळकुट, त्यामागं इस्त्रीची वाफ, दोरीवर नंबर टोचलेले शर्ट. लाँड्रीवाला पन्नाशीचा, हात पांढरे पडलेले, सुरकुतलेले. जाऊबाई "भाऊ, जरा बोलायचं होतं," एवढंच म्हणाल्या आणि त्याचा हात इस्त्रीवर थबकला.

"तुम्ही त्या फोनवाल्या."

जाऊबाईंनी त्याला सगळं सांगितलं. पाणीखात्याचा काही संबंध नाही, ही नुसती मोजणी आहे, तुमचं नाव कुठं जात नाही, टाकी बसवलीत ते चांगलंच केलंत. त्यांच्या पद्धतीनं, साध्या शब्दांत. त्याला समजलंही. तो आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेला. लोखंडी घोड्यावर टाकी उभी होती. तिला जोडलेला पाइप काढून गुंडाळून ठेवलेला होता, आणि टाकीत हँगरांचा ढीग पडला होता.

"काढला मी," तो म्हणाला. "म्हटलं, कशाला विषाची परीक्षा? फोन दोनदा आला म्हणजे काहीतरी असणारच."

जाऊबाई त्या पाइपाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "परत लावा ना, भाऊ."

"बघू. मेव्हण्याला बोलवायला पाहिजे, त्यानंच जोडला होता. त्याला वेळ कुठं असतो." मग आमची तोंडं बघून त्यालाच वाईट वाटलं असावं. "चहा घेता का?"

चहा घेतला. त्यानं पाइप परत लावला की नाही ते आम्हाला माहीत नाही. पुन्हा जायची जाऊबाईंची हिंमत झाली नाही, आणि खरं सांगायचं तर मीही आग्रह केला नाही.

परतताना बसमध्ये त्या एकदाच बोलल्या. "आधी त्याच्याकडे टाकी होती आणि उत्तर 'नाही' होतं. आता टाकी नाही आणि उत्तर 'नाही' आहे. आता ते उत्तर बरोबर आहे."

पाहणीचा निकाल काही महिन्यांनी लागला. आपला देश क्रमवारीत चार पायऱ्या वर चढला म्हणून पेपरात आतल्या पानावर बातमी आली. दिरांनी ती मोठ्यानं वाचली, मग जाऊबाईंचा चेहरा बघून पुढच्या ओळी मनातच वाचल्या. वर कशामुळं चढलो तर मोठ्या कंपन्यांचे 'हो' वाढले होते. हरित कौशल्यं असलेल्यांची संख्याही वाढली होती. व्हिडिओ बघितलेले आणि माळी धरून.

जाऊबाईंनी आकडेवाल्या बाईंना एक सविस्तर पत्र लिहिलं. मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी. पण बाईंचा फोन आला. त्यांनी खरोखर मनावर घेतलं होतं. एक छोटी चाचणी केली त्यांनी. थोड्या उद्योगांना छापलेला प्रश्न, थोड्यांना जाऊबाईंचा साधा प्रश्न, आणि नंतर माणसं पाठवून प्रत्यक्ष बघायचं. निकाल सांगायला त्यांनी जाऊबाईंना मुख्य कार्यालयात बोलावलं. छापलेल्या प्रश्नाला 'नाही' म्हणणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी खरंच काहीतरी केलेलं होतं. आणि साध्या प्रश्नाला 'हो' म्हणणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. कुणी नुसतं दिवे बंद करतो म्हणाला होता, कुणी करायचं मनात आहे म्हणून 'हो' म्हणाला होता.

"म्हणजे दोन्ही चूक," जाऊबाई म्हणाल्या.

"दोन्ही चूक. फक्त वेगवेगळ्या बाजूंनी," आकडेवाल्या बाई म्हणाल्या. "मी वर कळवलंय."

वर एक समिती बसली. पुढच्या फेरीचा प्रश्न छापून आला तेव्हा त्यात खरंच स्पष्टीकरणाचं एक वाक्य घातलेलं होतं. जाऊबाईंनी ते मला वाचून दाखवलं. 'येथे पर्यावरणीय लाभ म्हणजे ऊर्जा, इंधन अथवा टाकाऊ पदार्थ यांच्या वापरात वा निर्मितीत होणारी घट, असे समजावे.' म्हणजे प्रश्न आधीपेक्षा लांब झाला होता.

"यात पाणी कुठंय?" मी विचारलं.

"पाण्याचा तक्ता वेगळा आहे म्हणे. दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून काढलं." एवढं बोलून त्या उठल्या आणि भांड्यांवर राग काढायला लागल्या.

मी म्हटलं, "सोडून द्या की हो ती नोकरी. नुसता मनस्ताप."

"सोडू आणि काय करू? कुणीतरी दुसरं वाचेल तो प्रश्न, गाणं म्हटल्यासारखं. निदान मला ठाऊक आहे माणूस कुठल्या शब्दाला अडतो. त्या शब्दाच्या आधी मी थांबते. थांबायला बंदी नाही, मी पर्यवेक्षकाला विचारलं."

"थांबल्यानं काय होतं?"

"फार काही नाही होत," त्या म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमत नाही. "पण काहीजण 'म्हणजे?' असं विचारण्याऐवजी स्वतःच बोलायला लागतात. कामाबद्दल बोलत राहतात. मग त्यांना मधेच सुचतं, की हे म्हणजे तेच की काय. मग ते स्वतःच 'हो' म्हणतात, मी काही न सांगता."

"किती जण?"

"थोडे गं. पट्टी काही वर जात नाही माझी." त्यांनी कढई घासून उपडी घातली आणि हात पुसले. "समितीला आणखी एक पत्र लिहायचंय. 'आस्थापना' शब्द तरी काढा म्हणून. तू बस माझ्याबरोबर, मी चिडून भलतंच लिहिते."

आम्ही बसलो. पहिला मसुदा खरंच फार चिडका झाला. तो फाडला आणि दुसरा लिहायला घेतला.